त्वचेसाठी विरघळणारे पॉलिमर आणि आपल्याकडचा मे महिना

कपाशीचा_बांध
२ मार्च, रात्री ९.१५

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्याच्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. पॉलिकॅप्रोलॅक्टोन आणि जिलेटिन यांच्या मिश्रणापासून अतिसूक्ष्म तंतूंची जाळी तयार करणे आणि त्या जाळीवर त्वचेच्या पेशी वाढतात का हे पाहणे, हा माझ्या पीएच.डी.चा विषय होता. हा धागा काढण्यामागे एक प्रश्न आहे आणि त्या प्रश्नामागे आमच्या घरातली एक व्यक्ती आहे.

माझ्या चुलतभावाच्या पत्नीचा, म्हणजे आमच्या वहिनींचा, चार वर्षांपूर्वी चुलीजवळ पदर पेटला. छाती, मान आणि दोन्ही हात भाजले. गावातून तालुक्याला, तालुक्यातून जिल्ह्याला आणि तिथून नागपूरला पोहोचेपर्यंत रात्र उलटून गेली होती. मांडीची चामडी काढून त्यांच्या छातीवर आणि हातांवर लावली गेली आणि त्या वाचल्या. पण मानेची त्वचा आखडल्यामुळे त्यांना आजही मान वर करून पाहता येत नाही, आणि एप्रिल लागला की सावलीत बसूनही त्यांचे अंग धगधगते, कारण लावलेल्या चामडीला घाम येत नाही.

विषयाची थोडी मांडणी करतो. त्वचेचा वरचा थर, म्हणजे बाह्यत्वचा, कागदाइतका पातळ असतो आणि तो जखमेच्या कडांपासून आणि केसांच्या मुळांशी उरलेल्या पेशींपासून पुन्हा वाढू शकतो. त्याखालची अंतस्त्वचा मात्र पूर्ण जळाली तर प्रौढ माणसात ती पुन्हा उगवत नाही. शरीर ती जागा घाईघाईने व्रणाच्या ऊतीने भरते, त्या ऊतीतले आकुंचन पावणारे पेशीसमूह कडा आत ओढतात, आणि मान किंवा कोपर आखडते ते त्यामुळे. १९८१ साली अमेरिकेत आयोनिस यानास आणि जॉन बर्क यांनी गुरांचे कोलॅजन आणि शार्कच्या कूर्चेतील काँड्रॉइटिन सल्फेट यांचा सच्छिद्र थर, वर सिलिकॉनचा पातळ पडदा, अशी रचना गंभीर भाजलेल्या रुग्णांवर वापरल्याचे प्रसिद्ध केले. त्या कामातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे काळाचा विचार. जाळी फार लवकर विरघळली तर पेशींना आधार राहत नाही आणि जखम आकसते. फार उशिरापर्यंत टिकली तर तिच्याभोवतीच व्रण तयार होतो. जाळीचे विरणे आणि ऊतीचे भरणे या दोन गोष्टी जवळपास एकाच चालीने व्हाव्या लागतात.

कोलॅजन महाग आहे आणि नाजूकही आहे, म्हणून कृत्रिम पॉलिमरांचा विचार होतो. शाळेच्या पुस्तकात आपण ज्यांना बहुवारिके म्हणत होतो, तीच ही. पॉलिलॅक्टिक आम्ल, पॉलिग्लायकोलिक आम्ल आणि या दोहोंच्या घटकांपासून केलेले पीएलजीए हे पदार्थ आपल्या ओळखीचे आहेत, कारण पोटात घातलेले विरघळणारे टाके १९७०च्या दशकापासून याच कुळातले आहेत. पाणी त्यांच्या साखळीतील एस्टर बंध तोडते, साखळ्या लहान होतात, शेवटी लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्ल उरते, आणि शरीर ते कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यात रूपांतरित करून बाहेर टाकते. दोन घटकांचे प्रमाण बदलले की विरघळण्याचा काळ बदलतो. निम्मे-निम्मे प्रमाण असलेले पीएलजीए साधारण एक-दोन महिन्यांत विरते, तर पॉलिकॅप्रोलॅक्टोनला दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो.

आता प्रश्न. कोरड्या पीएलजीएचे काचसंक्रमण तापमान साधारण ४० ते ६० अंश सेल्सियसच्या दरम्यान असते, म्हणजे त्या तापमानाला ते कडकपणा सोडून मऊ, चिवट होऊ लागते. गेल्या मे महिन्यात मी आमच्या गावच्या आरोग्य उपकेंद्रातल्या लोखंडी कपाटात तापमापक ठेवला होता. दुपारी तीन वाजता तो ४३ अंश दाखवत होता आणि त्या वेळी वीज नव्हती. ज्या पदार्थाला शीतपेटीत ठेवावे लागते त्याच्यावर कितीही सुंदर संशोधन झाले, तरी तो आमच्या उपकेंद्रापर्यंत पोहोचणार कसा? यवतमाळ, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोलीच्या उन्हात टिकेल आणि तरीही शरीरात वेळेवर विरेल, असे काय निवडावे? जाणकारांनी आणि अनुभवींनी, दोघांनीही लिहावे.

हिरवी_वही
३ मार्च, सकाळी ७.०५

दादा, मी परिचारिका आहे. भाजलेल्या रुग्णांच्या कक्षात माझी एकोणीस वर्षे गेली. रसायनशास्त्र मला कळत नाही, पण जखमेला काय हवे असते ते मी जवळून पाहिले आहे, म्हणून लिहिते.

भाजलेल्या माणसाला भाजण्याच्या वेदनेपेक्षा ड्रेसिंग बदलण्याची भीती अधिक वाटते. गॉज जखमेला चिकटते, आम्ही कितीही भिजवून काढले तरी नवीन आलेली कोवळी त्वचा त्याच्याबरोबर निघते, आणि ट्रॉलीचा आवाज आला की रुग्ण भिंतीकडे तोंड करतात. मुंबईत शिकत असताना मला केळीच्या पानाच्या ड्रेसिंगची माहिती मिळाली. शीव रुग्णालयातील डॉ. माधुरी गोरे यांनी त्यावर केलेला अभ्यास २००३ साली भाजण्यावरील आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. निर्जंतुक केलेले केळीचे पान वरवर भाजलेल्या जखमेला चिकटत नाही, म्हणून बदलताना वेदना होत नाहीत. त्याआधी १९८०च्या दशकात मुंबईतच उकडलेल्या बटाट्याच्या सालींच्या पट्ट्याही वापरल्या गेल्या होत्या. हे सांगण्याचे कारण असे की आपल्याकडे स्वस्त आणि न चिकटणाऱ्या आवरणाचा विचार पूर्वीच झालेला आहे. तुमच्या पॉलिमरकडून माझी पहिली अपेक्षा हीच राहील की ते काढावेच लागू नये. ज्याचे विरघळणे तुम्ही महिन्यांत मोजता, ते माझ्यासाठी न केलेल्या ड्रेसिंगांत मोजले जाते.

दुसरी गोष्ट ओलाव्याची. १९६२ साली जॉर्ज विंटर यांनी डुकरांवरील प्रयोगांत दाखवले की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर बाह्यत्वचा उघड्या जखमेच्या मानाने कितीतरी लवकर पसरते. तरीही आजही नातेवाईक मला विचारतात, "सिस्टर, जखम सुकली नाही का अजून?" जखम सुकणे म्हणजे बरी होणे, हा समज फार खोल आहे. उन्हाळ्यात आमच्या कक्षात कूलर चालू असतो तेव्हा पातळ पट्टी काही तासांतच वाळून कडक होते. तुमची जाळी पाण्याची वाफ किती जाऊ देते, हे मे महिन्याच्या कोरड्या हवेत तपासा. प्रयोगशाळेतल्या वातानुकूलित हवेत तपासून आम्हाला उपयोग नाही.

आणि एक कळकळीचे सांगणे, विषयाशी जोडलेलेच आहे. रुग्ण आमच्याकडे येतो तेव्हा जखमेवर कधी शाई असते, कधी टूथपेस्ट, कधी राख, कधी शेण. जखम किती खोल आहे हेच त्याखाली दिसत नाही, आणि खोली कळल्याशिवाय कोणते आवरण लावायचे हे कोणालाही ठरवता येत नाही. भाजल्याबरोबर वीस मिनिटे साधे वाहते पाणी आणि वरून स्वच्छ सुती कापड, एवढेच करून माणूस आमच्यापर्यंत आणला, तर पुढच्या सगळ्या विज्ञानाला काम करण्यासाठी जागा उरते.

बहुवारिक
३ मार्च, रात्री ११.४०

मूळ गाव हिंगणघाट, शिक्षण नागपूरला, सध्या पुण्यात पॉलिमरच्या कामात. कपाशीचा_बांध यांनी योग्य जागी बोट ठेवले आहे, पण त्यात दोन दुरुस्त्या सुचवतो.

पहिली दुरुस्ती अशी की कोरडी उष्णता आणि दमट उष्णता या वेगळ्या गोष्टी आहेत. ४३ अंशांच्या कोरड्या कपाटात नीट बंद पाकिटातल्या पीएलजीएची साखळी फारशी तुटत नाही; तिथे होते ते भौतिक बदल, म्हणजे ताणून बनवलेले तंतू सैल पडतात, एकमेकांना चिकटतात आणि जाळीची भोके बुजतात. साखळी तोडण्याचे काम पाणी करते. त्यामुळे माझ्या मते आपला खरा शत्रू मे महिना नसून जुलै-ऑगस्ट आहे. गडचिरोलीच्या पावसाळ्यात एकदा फोडून पुन्हा गुंडाळून ठेवलेले पाकीट महिनाभरात निकामी होऊ शकते आणि बाहेरून पाहून ते कळणारही नाही. म्हणून ओलावा अजिबात आत येऊ न देणारे अॅल्युमिनियमच्या थराचे पाकीट, आत ओलावा शोषणारी पुडी, आणि एका जखमेला एक पाकीट, या तीन गोष्टी पॉलिमरच्या निवडीइतक्याच महत्त्वाच्या आहेत. पाकिटाकडे शेवटची बाब म्हणून पाहिले जाते, त्याचे मला वाईट वाटते.

दुसरी दुरुस्ती त्याहून महत्त्वाची आहे. पीएलजीए पाणी शोषते तेव्हा पाण्याचे रेणू साखळ्यांमध्ये शिरून त्यांना मोकळे करतात आणि काचसंक्रमण तापमान बरेच खाली येते, अगदी शरीराच्या ३७ अंशांच्या आसपास. याचा परिणाम असा की इलेक्ट्रोस्पिनिंगने, म्हणजे उच्च विद्युतदाबाने द्रावणातून बारीक तंतू ओढण्याच्या पद्धतीने, ताणून बनवलेली जाळी ओल्या, उबदार जखमेवर ठेवली की आकसते. ज्या जखमेने आकसू नये म्हणून आपण जाळी लावतो, तिच्यावर जाळीच आकसावी, हे किती नुकसानकारक आहे ते सांगायला नको. कपाटाच्या तापमानाची चिंता अवश्य करा, पण आधी नमुना ३७ अंशांच्या क्षारद्रावणात एक रात्र ठेवून त्याचे क्षेत्रफळ मोजा.

मग निवडावे काय? पॉलिकॅप्रोलॅक्टोनचे काचसंक्रमण तापमान सुमारे उणे ६० अंश आहे, म्हणजे आपल्या सर्व ऋतूंत ते मऊच असते, आणि ते वितळते सुमारे ६० अंशांना, म्हणजे कपाटात वितळत नाही. त्याच्यातले स्फटिकी भाग जाळीचा आकार धरून ठेवतात. अडचण एकच, ते फार सावकाश विरते. म्हणून लॅक्टाइड आणि कॅप्रोलॅक्टोन यांना एकाच साखळीत गुंफून मधला मार्ग काढला जातो. जर्मनीत विकसित झालेले सुप्राथेल नावाचे आवरण लॅक्टाइड, कॅप्रोलॅक्टोन आणि ट्रायमिथिलीन कार्बोनेट यांच्या साखळीचे आहे. वरवर भाजलेल्या जखमेवर एकदा ठेवले की खाली त्वचा आली तसे ते आपोआप सुटते, म्हणजे हिरवी_वही ताईंची पहिली अपेक्षा ते बरीचशी पूर्ण करते. खोल जखमांसाठी ऑस्ट्रेलियात जॉन ग्रीनवुड यांच्या कामातून विघटनशील पॉलियुरेथेनचा दोन मिलिमीटर जाडीचा फेस आला. त्यात प्राण्यापासून घेतलेला कोणताही घटक नाही. त्यावरचा पडदा काही आठवड्यांनी काढतात आणि फेस पुढे सुमारे दीड वर्षात नाहीसा होतो. त्याच्या साखळीत एस्टरखेरीज युरेथेनचे बंधही असल्याने तो पीएलजीएइतका चटकन खचत नाही.

निर्जंतुकीकरणाबद्दल कोणी विचारले नाही, पण अनेक चांगले नमुने तिथेच फसतात. ऑटोक्लेव्हची १२१ अंशांची वाफ या कुळाला चालत नाही. गॅमा किरणांची नेहमीची २५ किलोग्रेची मात्रा साखळ्या तोडते, म्हणजे विरघळण्याचे घड्याळ रुग्णापर्यंत पोहोचण्याआधीच पुढे सरकते. इथिलीन ऑक्साइड वापरले तर त्याचा अंश जाळीत राहणार नाही याची खात्री करावी लागते. तुम्ही जे काही आकडे मोजाल, ते निर्जंतुकीकरणानंतरच्या नमुन्यावर मोजा, अशी आग्रहाची विनंती.

ऐनाची_सावली
४ मार्च, दुपारी १.२०

मी गडचिरोली जिल्ह्यातली. आमच्या घरी तीन पिढ्यांपासून ऐनाच्या झाडांवर कोसा, म्हणजे टसर रेशीम, घेतला जातो. जीवशास्त्रात एम.एस्सी. केल्यानंतर मला कळले की ज्या किड्यांना माझी आजी पाखरांपासून आणि मुंग्यांपासून दिवसभर राखत बसत असे, त्यांच्या रेशमावर त्वचेच्या संशोधनात बरेच काम झालेले आहे. वरच्या चर्चेत कृत्रिम पॉलिमरच आले आहेत, म्हणून रेशमाबद्दल लिहिते.

रेशमाच्या धाग्यात फायब्रॉइन नावाचे प्रथिन असते आणि त्यावर सेरिसिनचा चिकट लेप असतो. सोड्याच्या पाण्यात उकळून सेरिसिन काढले की उरलेले फायब्रॉइन शरीर बऱ्यापैकी स्वीकारते आणि ऊतींमधील विकरे त्याला सावकाश तोडतात. तुतीच्या रेशमापेक्षा आपल्या कोशाचे वैशिष्ट्य असे की टसर किड्याच्या फायब्रॉइनमध्ये आर्जिनिन, ग्लायसिन आणि अॅस्पार्टिक आम्ल हे तीन घटक एकापाठोपाठ येतात. पेशी ज्या हाताने बाहेरच्या जाळीला धरतात, त्या हाताला हाच क्रम ओळखीचा असतो. त्यामुळे पेशी टसरच्या पातळ पडद्यावर चांगल्या चिकटतात. खरगपूरच्या आयआयटीत प्रा. सुभाष कुंडू यांच्या गटाने या रेशमावर दीर्घकाळ काम केले आहे. आणि कपाशीचा_बांध दादांनी मांडलेल्या उष्णतेच्या प्रश्नावर रेशमाचे उत्तर सरळ आहे: वाळलेल्या फायब्रॉइनला आपला मे महिना काहीही करत नाही.

अडचणही प्रामाणिकपणे सांगते. तुतीचे फायब्रॉइन लिथियम ब्रोमाइडच्या तीव्र द्रावणात ६० अंशांना विरघळते, पण टसरचे त्यात सहज विरघळत नाही. त्यामुळे संशोधक अनेकदा पिकलेल्या अळीच्या ग्रंथीतूनच द्रव फायब्रॉइन काढतात, आणि त्यासाठी कोश व्हायच्या आधीच अळी मारावी लागते. आमच्यासारख्या घरांसाठी तो मार्ग नाही. आमच्याकडे पडून राहतात ते पतंग बाहेर पडलेले फुटके कोश. त्यांचा अखंड धागा निघत नाही, ते हाताने कातावे लागतात आणि त्यांना भाव कमी मिळतो. हे फुटके कोश कमी विषारी द्रावकात विरघळवण्याची साधी पद्धत कोणी बसवली, तर त्याचा उपयोग जखमेलाही होईल आणि ढिवर समाजातल्या आमच्या घरांनाही.

शल्यक
४ मार्च, रात्री १०.३०

मी प्लास्टिक सर्जन आहे, विदर्भातच काम करतो. धागा मनापासून वाचला. आपण सगळे पदार्थाबद्दल बोलत आहोत, आता जखमेच्या बाजूने बोलतो.

मांडीची चामडी काढून लावतो तेव्हा ती पहिले एक-दोन दिवस खालच्या जखमेतून झिरपणाऱ्या द्रवावर जगते. मग तिच्या आणि जखमेच्या केशवाहिन्यांची तोंडे जुळतात आणि चार-पाच दिवसांत रक्त फिरू लागते. हे शक्य होते कारण ती अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ असते. रक्तवाहिनीपासून साधारण ०.२ मिलिमीटरच्या पलीकडे पेशीला प्राणवायू पुरेसा मिळत नाही. म्हणून दोन मिलिमीटरची जाळी लावली की तिच्यात खालून रक्तवाहिन्या चढेपर्यंत दोन-तीन आठवडे थांबावे लागते आणि मगच वरून अगदी पातळ चामडी लावता येते. त्या काळात जाळीखाली रक्त साचले किंवा जंतुसंसर्ग झाला, तर सगळे हातचे जाते. प्रयोगशाळेतल्या निर्जंतुक बशीत हा पाहुणा नसतो. आमच्या वॉर्डात तो नेहमीच दाराशी असतो.

दोन टप्प्यांची ही शस्त्रक्रिया आमच्याकडे आणखी एका कारणाने अडते. पहिल्या टप्प्यानंतर रुग्ण घरी जातो आणि दुसऱ्या टप्प्याला येत नाही, कारण पेरणी लागलेली असते, किंवा सोबत यायला माणूस नसतो, किंवा दोनशे किलोमीटरच्या प्रवासाला पैसे नसतात. मी याचा दोष रुग्णाला देत नाही. पण साहित्य निवडताना एकाच टप्प्यात काम होईल अशी पातळ जाळी थोडी कमी दर्जाची असली, तरी आमच्या भागात ती अधिक माणसांच्या कामी येईल, असे माझे स्पष्ट मत आहे. वैद्यकीय परिषदांमध्ये हे मत मांडले की अनेकांना ते पटत नाही. तरीही मी ते मांडत राहीन.

आता वहिनींबद्दल. घर्मग्रंथींची वेटोळी अंतस्त्वचेच्या तळाशी आणि त्याखालच्या चरबीत असतात. पातळ चामडी काढताना ती मांडीतच राहतात आणि खोल भाजलेल्या जागी ती जळून गेलेली असतात. आज उपलब्ध असलेली कोणतीही जाळी, कोलॅजनची असो की पॉलिमरची, घर्मग्रंथी किंवा केसांची मुळे परत आणत नाही. त्यामुळे नवे पॉलिमर आले तर वहिनींना घाम येईल, अशी आशा मी त्यांना देणार नाही. मानेचे आखडणे मात्र चार वर्षांनीही सोडवता येते. तो आखडलेला पट्टा कापून मोकळा करायचा, त्या रिकाम्या जागेत जाळी किंवा जाड चामडी लावायची, आणि नंतर अनेक महिने मानेचा पट्टा व व्यायाम चालू ठेवायचे. त्यांना एकदा प्लास्टिक सर्जरीच्या बाह्यरुग्ण विभागात अवश्य न्या. उन्हाळ्यात अंगावर ओले सुती वस्त्र, भरपूर पाणी आणि दुपारी शेतात न जाणे, हे पाळावेच लागेल.

पायवाट
५ मार्च, सकाळी ६.५०

कुष्ठरुग्णांच्या पायांच्या जखमांवर मी बरीच वर्षे काम करतो. आपल्या विदर्भाला या कामाची मोठी परंपरा आहे. मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूरला, डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ साली अमरावतीला तपोवनात आणि बाबा आमटे यांनी १९४९ साली वरोऱ्याजवळ आनंदवनात हे काम उभे केले. पण औषधाने जंतू मेल्यानंतरही तळपायाची बधिरता राहते, आणि टाचेखालचा खडा ज्याला जाणवत नाही तो माणूस त्याच खड्यावर दिवसभर चालतो. त्यातून होणारी जखम वर्षानुवर्षे भरत नाही.

मी कोलॅजनच्या पट्ट्या अशा जखमांवर वापरल्या आहेत. जखम भरते आणि दोन महिन्यांत त्याच जागी पुन्हा उघडते. कारण जखम चामडीच्या कमतरतेने झालेली नसते, ती दाबाने झालेली असते. पायाला साच्यासारखे प्लास्टर घालून भार वाटून दिला, किंवा बारीक छिद्रांच्या मऊ एमसीआर रबराची चप्पल दिली, तर अनेक जखमा साध्या पट्टीवरही भरतात. मधुमेहाच्या पायाचीही गोष्ट बरीचशी अशीच आहे. म्हणून माझी सूचना अशी की तुमची जाळी भाजलेल्या जखमेवर यशस्वी झाली, तर तोच निष्कर्ष तळपायाला लावू नका. तिथे जाळीबरोबर चप्पलही द्यावी लागेल, आणि अभ्यासात चप्पल सर्वांना सारखीच द्यावी लागेल, नाहीतर कशाने बरे वाटले हे कळणारच नाही.

खलबत्ता
५ मार्च, दुपारी ४.१०

मी औषधनिर्माणशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. आमच्या प्रयोगशाळेतल्या उंदरांबद्दल थोडे सांगते, कारण अशा विषयांवरचे बहुतेक शोधनिबंध उंदरांवरच थांबतात. उंदराची त्वचा सैल असते आणि तिच्याखाली स्नायूचा एक पातळ थर असतो. त्यामुळे त्याची जखम मुख्यतः कडा आकसून बंद होते. माणसाच्या जखमेत नवीन ऊती भरण्याला अधिक महत्त्व असते. म्हणजे ज्या आकसण्यामुळे वहिनींची मान अडकली, तेच आकसणे उंदराच्या आलेखात 'जखम भरली' असे दिसते. जखमेभोवती सिलिकॉनचे कडे शिवून आकसणे थांबवले, तर निष्कर्ष माणसाच्या अधिक जवळ जातात. डुकराची त्वचा त्याहून जवळची आहे, पण ती सोय फार थोड्या ठिकाणी आहे. कपाशीचा_बांध सर, पुढे प्राण्यांवर काम करणार असाल, तर नैतिकता समितीच्या अर्जातच या कड्याचा उल्लेख करा.

तिसरा_मजला
५ मार्च, रात्री ८.५५

परवानगीच्या बाजूने अगदी थोडक्यात. २०१७च्या वैद्यकीय उपकरण नियमांनुसार उपकरणांचे जोखमीप्रमाणे ए, बी, सी आणि डी असे चार वर्ग आहेत आणि शरीरात विरघळणारी जाळी सर्वांत कडक तपासणीच्या बाजूला जाते. हा मार्ग भारतात चालता येतो, याचे उदाहरण तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने २०२३ साली दिले. डुकराच्या पित्ताशयापासून पेशी काढून टाकून तयार केलेल्या त्यांच्या जखमेवरच्या जाळीला डी, म्हणजे सर्वाधिक जोखमीच्या, वर्गाची मान्यता मिळाली.

त्यातूनच एक मुद्दा निघतो. गावातला रुग्ण विचारतो, "हे कशाचं बनवलं आहे, डॉक्टर?" गाय, डुक्कर, मासा किंवा रेशीम, काहीही असो, खरे उत्तर त्याला त्याच्या भाषेत आणि आधी मिळाले पाहिजे. संपूर्ण कृत्रिम पॉलिमर निवडण्यामागे हेही एक सबळ कारण असू शकते.

कपाशीचा_बांध
८ मार्च, रात्री ९.३०

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तीन दिवस मी एकेक प्रतिसाद पुन्हा वाचला आणि माझ्या प्रश्नातली चूक मला दिसली. मी कपाटातल्या उष्णतेलाच मुख्य अडथळा धरून बसलो होतो. बहुवारिक सरांच्या सांगण्यावरून माझ्याकडच्या जुन्या नमुन्यांतून पीएलजीएचा एक तुकडा ३७ अंशांच्या क्षारद्रावणात रात्रभर ठेवला. सकाळी तो उघड्या डोळ्यांना दिसेल इतका आकसलेला होता. पॉलिकॅप्रोलॅक्टोन आणि जिलेटिनच्या तुकड्याचा आकार तसाच होता, मात्र त्यातले जिलेटिन बरेचसे सुटून पाण्यात आले होते, म्हणजे त्याला बांधून ठेवण्याचे काम अजून बाकी आहे. ग्लुटराल्डिहाइडने ते स्वस्तात बांधले जाते, पण त्याचा उरलेला अंश पेशींना मारक असतो, म्हणून मी तेच काम करणारे, वनस्पतीपासून मिळणारे जेनिपिन वापरून पाहणार आहे.

आमच्याकडे मोठी उपकरणे नाहीत. इलेक्ट्रोस्पिनिंगचा संच आम्ही महाविद्यालयातच जुळवला आहे, आणि एप्रिलच्या कोरड्या हवेत सुईच्या टोकावरच द्रावण वाळून ती बुजते, म्हणून काम पहाटे करावे लागते. साखळ्या किती तुटल्या हे मोजण्यासाठी महागडे यंत्र नसले, तरी द्रावणाची श्यानता मोजण्याची काचेची नळी प्रत्येक रसायनशास्त्र विभागात असते. साखळी लहान झाली की द्रावण नळीतून लवकर उतरते. त्या आधारावर मी एप्रिल ते सप्टेंबर असे सहा महिने नमुने ठेवणार आहे: एक संच आमच्या उपकेंद्राच्या कपाटात, एक शीतपेटीत, आणि एक साध्या प्लास्टिकच्या पिशवीत, म्हणजे पावसाळा काय करतो ते कळेल. चौथा संच गडचिरोलीच्या दमट हवेत ठेवता आला तर फार बरे होईल. खलबत्ता, प्राण्यांवर काम करण्याची वेळ आली, तर तुमचा मुद्दा अर्जात पहिल्या पानावर असेल.

शल्यक सरांचा प्रतिसाद मी वहिनींना वाचून दाखवला. घामाबद्दलचा परिच्छेद ऐकून त्या थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मान सुटत असन तं जाऊ आपण. पण कपाशीचं झाल्यावर नाही, आताच." पुढच्या मंगळवारी आम्ही नागपूरला जात आहोत.

ऐनाची_सावली
८ मार्च, रात्री १०.१०

दादा, चौथा संच माझ्याकडे पाठवा. आमच्या घराला कौले आहेत आणि पावसाळ्यात भिंतीला ओल येते, त्यामुळे त्याहून दमट जागा तुम्हाला मिळणार नाही. तापमापक आणि आर्द्रतामापक दोन्ही पाठवाल, तर मी सकाळ-संध्याकाळ वहीत नोंद ठेवीन. परतीच्या पार्सलात दोन किलो फुटके कोश पाठवते. ते विरघळवायला जे द्रावक वापराल त्याचे नाव इथे लिहा, आणि जमले नाही तरी लिहा.